संमती आहे असे समजण्यात येईल

४ मार्च

कंपनीचे पत्र सकाळी आले. मजकुराचा आरंभ 'आम्ही तुमचे म्हणणे ऐकले आहे' असा होता, तेव्हाच पुढे काहीतरी किळसवाणे वाढून ठेवले असणार हे मी ओळखले. ज्यांनी आजवर कधी काही विचारले नाही, ते ऐकल्याचे कसे सांगतात?

सार असे : आमचा संगणकावरचा खेळ ज्या इंजिनावर उभा आहे, त्याच्या वापराच्या अटी एक जूनपासून बदलत आहेत. आजवर वर्षाचे ठरावीक शुल्क भरले की विषय संपत असे. यापुढे जगात कोणीही आमचा खेळ आपल्या यंत्रावर उतरवून घेतला की दर वेळी कंपनीला वाटा. त्याच माणसाने तो काढून टाकून पुन्हा घेतला, तरी पुन्हा वाटा. पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांनाही तोच नियम. हा सगळा डोलारा ज्या वाक्यावर उभा आहे ते येथे उतरवून ठेवते, कारण इतके निर्लज्ज वाक्य मी अलीकडे वाचलेले नाही : 'सदर तारखेनंतर इंजिनाचा वापर सुरू ठेवल्यास बदललेल्या अटींना आपली संमती आहे असे समजण्यात येईल.'

माणूस गप्प राहिला म्हणजे त्याने होकार दिला, असा हा न्याय. ज्या विद्यापीठात मी प्रकाशशास्त्राचा प्रबंध लिहिला, तेथे असे अनुमान काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर उभे केले असते.

धाकटीला आणि बरंकाला हे वाचून दाखवले. (धाकटी ही माझी बहीण, चित्रे तिची. बरंका हा आमचा प्रोग्रामर. दर वाक्याला 'बरं का' म्हणतो, म्हणून हे नाव. मीच ठेवले.) आम्हा तिघांच्या वतीने मी सविस्तर निषेध लिहीन, असे सांगितले. धाकटी काही बोलली नाही. अर्थात तिला पटले.

७ मार्च

आईचा फोन. धाकटीने तिच्याजवळ आधीच रडगाणे गायलेले दिसते.

"अगं, इंजिन म्हणजे काय ते मला नीट सांग. गाडीचं असतं तसं का?"

सांगितले. पडद्यावर उजेड पाडणे, दार ढकलले की ते उघडणे, पावलांचा आवाज करणे, ही सगळी कामे ते सॉफ्टवेअर करते. घर, वस्तू आणि गोष्ट आमची. इंजिन बनवायला शेकडो माणसे लागतात, म्हणून आमच्यासारखे लोक ते भाड्याने घेतात.

"म्हणजे घरमालक आता म्हणतोय की तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे मला काहीतरी द्या."

"साधारण तसेच."

"आणि तुम्ही भाड्याच्या भिंतींना खिळे ठोकून ठेवलेत."

आईला प्रत्येक गोष्टीचे घर करून टाकण्याची खोड आहे. आमच्या 'दिवेलागण' या खेळातले घरही तिचेच, आम्ही वाढलो ते तिसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे. खेळाडू संध्याकाळी रिकाम्या घरात शिरतो आणि एकेक दिवा लावत जातो. प्रत्येक दिव्याच्या उजेडात नवे काही दिसते आणि आधी दिसलेले काही अंधारात जाते. भिंती, भांडी, शिवणयंत्र, खुंटीवरचा टॉवेल हे सारे धाकटीने शाईने काढलेले आहे. प्रकाश माझा आहे. एकेका दिव्याची उंची, रंग, सावलीची कडा मी हाताने बसवली आहे आणि हे काम संपत आले होते. हे काम पाहून परदेशातल्या एका परीक्षकाने लिहिले होते, की असा उजेड त्याने पडद्यावर पूर्वी पाहिला नाही. त्याने धाकटीच्या रेखाटनांचाही उल्लेख केला होता, असे मला वाटते.

१२ मार्च

माझ्या अकरा पानी निषेधाला उत्तर आले, तेही क्षणार्धात. अर्थातच यंत्राने दिलेले : 'आपल्या उत्साहाबद्दल आभारी आहोत.'

दुपारी कंपनीच्या एका प्रतिनिधीशी पडद्यावर बोलणे झाले. त्याचे पद 'ग्राहक-आनंद अधिकारी'. दात पांढरे, भिंत पांढरी, पाठीमागे प्लास्टिकचे रोप.

"तुमची नाराजी मी पूर्णपणे समजू शकतो."

मी विचारले, "कोणता मुद्दा समजला?"

तो हसला. "सगळेच. आम्ही एक मोठं कुटुंब आहोत."

"कुटुंबात अटी बदलण्यापूर्वी विचारतात."

"विचारणारच होतो. पण तुमच्याकडून कधी हरकत आली नाही, त्यामुळे..."

मी संभाषण तोडले. नंतर बराच वेळ हात धूत बसले. धाकटी दारात उभी राहून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होते, ते कशाबद्दल हे विचारायला मला सवड नव्हती.

१९ मार्च

मधल्या दिवसांत नेहमीचे काम. स्वयंपाकघराचे दार मी गेल्या महिन्यात मंजूर केले होते. आज पुन्हा पाहिले तर बिजागरीखालची सावली पोकळ वाटली. पुन्हा काढायला सांगितले.

"ताई, हे तू ओके केलं होतंस."

"तेव्हा ठीक होते. आज नाही."

"मग उद्या परत?"

"उद्याचे उद्या ठरेल. दर्जा म्हणजे काय दगडावरची रेघ आहे?"

तिने शाईची बाटली उघडली. मुद्दा संपला.

तिने खिडकीवरचा काळा पडदा पुन्हा एकदा वीतभर सरकवलेला सापडला. या कचेरीत बाहेरचा उजेड येता कामा नये हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आले आहे. भिंती करड्या रंगवल्या त्या हौसेने नव्हे. पडद्यावरचा रंग पारखायचा तर डोळ्याला दुसरे काही दिसू नये. खालच्या चष्म्याच्या दुकानाची निळी पाटी रस्त्यावर असा काही थयथयाट करते की वीतभर फटीतूनही सारे बिघडते. धाकटी म्हणते, तिला दिवसा झाड दिसले तर बरे वाटते. झाड काय, घरी जाताना दिसते.

२ एप्रिल

बरंकाने आज विषय काढला. घसा तीनदा खाकरून.

"मॅडम, एक बोलू का? ते खुलं इंजिन आहे ना, बरं का, त्याचा सगळा कोड कुणालाही बघता येतो. अटी कुणी एकटा बदलू शकत नाही. मी सुरुवातीलाच म्हणालो होतो..."

"आणि मी तेव्हाच सांगितले होते, की त्यातली सावली सांडलेल्या शाईसारखी दिसते."

"आता सुधारलंय, बरं का. पुष्कळ."

"पुष्कळ हे माप नाही."

तरी मी त्याला एक खोली तिकडे हलवून पाहायची परवानगी दिली. मी आडमुठी नाही.

९ एप्रिल

बरंकाने हलवलेली खोली आज पाहिली.

खोली बाहेर काढली तर चित्रे आली, पण ती धाकटीची राहिलेली नव्हती. कंपनीच्या इंजिनात प्रकाश कायम करायचा तर तो चित्रावर 'बेक' करतात, म्हणजे दिवा, सावली आणि रेघ एकत्र भाजून एक करतात. ते मिश्रण कंपनीच्याच बंदिस्त साच्यात राहते. बाहेर काढल्यावर माझ्या सावल्या तिच्या रेघांना चिकटलेल्या, किडलेल्या दातांसारख्या. शिवणयंत्राचे चाक अर्धे काळे. टॉवेल म्हणजे नुसता डाग.

बरंका म्हणाला, "मूळ स्कॅन असतील तर प्रश्न नाही."

मूळ स्कॅन नव्हते. आमच्याकडे एकाच प्रतीचा नियम आहे. पहिल्या वर्षी एका प्रदर्शनात दाराच्या दोन चित्रांपैकी चुकीचे चित्र खेळात लागले आणि मी तेथल्या तेथे जमिनीत गडप व्हायची बाकी राहिले. त्या दिवसापासून चित्र इंजिनात गेले की मूळ फाइल पुसायची आणि कागद फेकायचा. खोटे दुसरे शिल्लकच राहू नये. नियम निर्दोष होता आणि आजही आहे. कंपनी नीच निघाली, याला नियम काय करणार?

"म्हणजे आपण स्वतःच स्वतःला कोंडलंय," धाकटी म्हणाली.

मी म्हटले, कोंडणारा वेगळा आणि दार नीट लावणारा वेगळा. तिने नुसती मान हलवली. तिला तरी कळते.

२१ एप्रिल

आईकडे गेले होते. पलंगाखालून चप्पल काढताना हाताला पुठ्ठ्याची मोठी चपटी पिशवी लागली. ओढून काढली तर आत कागद. दार, दुसरे दार, तिसरे दार. शिवणयंत्र पाच बाजूंनी. खुंटी. मोरीतली बादली. सगळे, पहिल्या दिवसापासूनचे, मधे पातळ कागद घालून रचलेले.

मी ते कागद आईसमोर नेऊन ठेवले.

आई भाजी निवडत होती. "ते होय? मीच म्हटलं तिला, इथे ठेव. फेकवत नव्हते तिला."

"मी स्पष्ट सांगितले होते."

"तू सांगितलंस. ती ऐकून आली आणि इथे बसून रडली. मग मी पलंग उचलला."

इतकी वर्षे ती माझ्या डोळ्यांदेखत मान डोलवत राहिली आणि मागून कागद इकडे आणत राहिली. कंपनीने निदान पत्र तरी पाठवले.

धाकटीला फोन केला. म्हटले, तू मला फसवलेस.

"फसवलं कसलं, ताई? ती माझी चित्रं आहेत."

"तू तेव्हा हरकत का घेतली नाहीस?"

ती म्हणाली, "विचारलंस कधी?"

२२ एप्रिल

कागद मिळाल्यामुळे खेळ वाचू शकतो, असे बरंकाला वाटते. तो आणि धाकटी कचेरीत लहान मुलांसारखे कुजबुजत आहेत. मी येताच थांबतात. चित्रे वाचतील, हे खरे. पण माझा प्रकाश? तो कागदावर नाही. तो दुसरीकडे कोठेही नाही. प्रत्येक दिवा त्या इंजिनाच्या विशिष्ट पद्धतीत बसवलेला आहे, आणि ती पद्धत दुसरीकडे नाही. त्या दोघांना सामान उचलून जाता येते. मला तर घरच उचलावे लागेल.

हे मी त्यांना बोलले नाही. ज्याला डोळे आहेत त्याला सांगावे लागू नये.

२९ मे

इंजिन उघडताच अटींचा चौकोन समोर येतो. आतापर्यंत खाली दोन बटणे असायची, 'मान्य आहे' आणि 'नंतर विचारा'. आज दुसरे बटण फिकट झालेले दिसले. एक जूनपासून ते नसेल.

मी निषेध केला होता. अकरा पाने लिहिली होती. मी त्या अटींचा मनःपूर्वक तिरस्कार करते, आणि तिरस्कार करत असतानाही माणसाला काम पुरे करायचे असते. शिवणयंत्राजवळचा दिवा अजून मनासारखा झालेला नाही.

मी 'मान्य आहे' दाबले. खाते एकच असल्यामुळे ते तिघांच्याही नावे झाले.

३० मे

असा दिवस पुन्हा नको.

धाकटीने सकाळी इंजिन उघडले तर चौकोन आलाच नाही. ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघत राहिली.

"तू दाबलंस?"

"कोणीतरी दाबणे भाग होते."

"आम्हाला विचारायचंस तरी."

"दोन महिने तुम्ही मूग गिळून बसला होतात. कोणाची हरकत आहे असे मला दिसले नाही."

बरंका म्हणाला, "मॅडम, मी बोललो होतो. तुम्ही म्हणालात, सांडलेली शाई." यावेळी त्याने 'बरं का' म्हटले नाही.

धाकटी उठली. पडदा पूर्ण सरकवला. खोलीभर उन्हाचा लोळ, टेबलावरची धूळ, भिंतीवर माझ्या ब्रशांच्या पट्ट्या, सगळे उघडे पडले. फारच भिकार दिसत होती ती खोली.

"ताई, तो माणूस तुला म्हणाला ना, तुमच्याकडून कधी हरकत आली नाही? तू हात धूत बसली होतीस त्या दिवशी. मी दारात होते."

"मग?"

"मग काही नाही."

तिने बाटली, बोरू, चहाचा कप घेतला. कप कचेरीचा होता. मी काही बोलले नाही.

संध्याकाळपर्यंत बरंकाचे यंत्रही गेले. मी पडदा ओढून घेतला आणि काम सुरू केले.

१७ जून

काम चालू आहे. शांतता उत्तम. कोणी शेंगदाणे चघळत नाही. शिवणयंत्राचा दिवा अडीच बोटे खाली घेतला. मग परत वर.

आईने विचारले, जेवतेस का वेळेवर. हो म्हटले.

२६ ऑगस्ट

कंपनीचे पत्र : 'नवनवीन अनुभव देण्याच्या आमच्या प्रवासात' इंजिनातली जुनी प्रकाशपद्धती बंद करण्यात येत आहे. पुढच्या आवृत्तीपासून तिच्यात केलेले काम उघडणार नाही. तिच्या जागी नवी, अधिक 'चैतन्यमय' पद्धत येईल. जुनी आवृत्ती वापरत राहण्याची सोय वर्षअखेरपर्यंत आहे. त्यानंतर तिचा परवाना संपेल.

माझ्या प्रबंधाच्या परीक्षकांनी शंका घेतल्या होत्या तेव्हा मी त्यांची उत्तरे दिली. इथे शंकाच नाहीत. कोणीतरी एका प्रशस्त खोलीत बसून, प्लास्टिकच्या रोपाकडे पाहत, माझ्या घरातले सारे दिवे एका ओळीत विझवले. त्या लोकांना शिव्या द्याव्यात, तर माझ्याजवळ तेवढ्या घाणेरड्या शिव्या नाहीत. शिकले ते चुकीचे शिकले.

ग्राहक-आनंद अधिकाऱ्याचे पदही आता बंद झाले आहे, असे यंत्राने कळवले. त्या माणसाला कोणी विचारले असेल का, असे मनात आले. लगेच स्वतःचीच चीड आली.

३ सप्टेंबर

नव्या पद्धतीत एक खोली उघडून पाहिली. सगळे घर लग्नाच्या हॉलसारखे लखलखते. सावली शोधून सापडत नाही. बंद केले.

१४ ऑक्टोबर

धाकटीचा निरोप. एक दुवा, आणि खाली : 'वाटलं तर बघ.'

त्या दोघांनी खुल्या इंजिनावर घर पुन्हा उभारले आहे. बघायचे नाही असे ठरवले होते.

१६ ऑक्टोबर

पाहिले.

सदोष आहे. जिन्यातला उजेड उंबऱ्यावर अडखळतो. मोरीतल्या बादलीची सावली भिंतीवर चढतच नाही. सावल्यांच्या कडा शाईसारख्या फुटतात, हे मी पूर्वीच सांगितले होते. फक्त धाकटीच्या रेघाही शाईच्याच असल्यामुळे ते डोळ्यांना खुपत नाही, हे मला आधी सुचले नव्हते. इंजिनाचा त्यात काही गुण नाही.

शिवणयंत्रापाशी मात्र कहर आहे. दिवा भलतीकडेच, जवळजवळ यंत्राच्या मानेवर. चाकाची सावली त्यामुळे पूर्ण खोटी पडते. आईला फोन करून म्हटले, पाहिलास का तो प्रकार?

"बघितला की. छान आहे."

"दिवा चुकीच्या जागी आहे."

"मीच सांगितलं तिला. तुझ्या त्या दिव्यात सुई दिसायची नाही, बाई. मला त्या उजेडात दोरा ओवता आला नसता."

मी म्हटले, खेळात दोरा ओवायचा नसतो.

"मला बघताना ओवावासा वाटला," आई म्हणाली.

खेळाच्या शेवटी श्रेयनामावली आहे. त्यात एक ओळ : 'घरातला उजेड मुळात ताईचा.' मला न विचारता घातली.

२ नोव्हेंबर

त्यांच्या खेळाचा कोडही सर्वांसाठी खुला आहे. वाटेल त्याने बदल करून पाठवावा. घ्यायचा की नाही हे धाकटी पाहते. ही पद्धत गोंधळाला आमंत्रण आहे. कोणा ऐऱ्यागैऱ्याने एका खुंटीवर चक्क टोपी टांगून पाठवली होती, आणि तिने ती घेतली आहे. खाली लिहिले आहे : 'मस्त. आभार.'

त्या इंजिनातला प्रकाश कसा चालतो हे पाहिले, केवळ दोष नेमके कोठे आहेत ते कळावे म्हणून. आतले सगळे वाचता येते, हे मान्य करावे लागेल. आजवर मी ज्याच्यावर काम करत होते त्याच्या आत काय आहे, हे मला कधीच पाहता आले नव्हते.

११ नोव्हेंबर

शिवणयंत्राचा दिवा, त्यांच्या घरातला.

माझी जागा घेतली की सावली खरी पडते पण सुई अंधारात. तिची जागा घेतली की सुई दिसते पण चाक खोटे. गेले काही दिवस याच्यामागे आहे. आज दिवा खिडकीकडे सरकवून पाहिला. खिडकीत बाहेरचा थोडा उजेड राहू दिला. मी तो पूर्वी पूर्ण बंद केला होता. सुई चमकली. चाकाची सावली जमिनीवर पडून भिंतीला लागली, हवी तशी.

मी बराच वेळ पाहत बसले. मग कचेरीचा पडदा उघडून बाहेर पाहिले. ते झाड बरेच वाढले आहे.

१२ नोव्हेंबर

बदल पाठवला. कारणमीमांसेसाठी चौकोन असतो. मी तीन पाने लिहिली, मग दोन, मग सारे पुसून इतकेच ठेवले : 'दिवा खिडकीजवळ घेतला आहे. सुई दिसते. चालेल का?'

दुपारी खाली एक शब्द आला : 'बघते.'

१५ नोव्हेंबर

अजून काही नाही. तिला वेळ लागू शकतो. टोपीला तिने लगेच होकार दिला होता, पण टोपी सोपी असते.

१८ नोव्हेंबर

सकाळपासून ते पान उघडून ठेवले आहे. बदल तेथेच आहे. घेतलेला नाही, नाकारलेलाही नाही. बरंकाने जिन्यातल्या उजेडाबद्दल काही लिहिले आहे, त्याला तिने उत्तरही दिले आहे. म्हणजे ती येऊन गेली.

फोन करता येईल. विचारता येईल. 'चालेल का' असे एकदा विचारून झाले आहे. दुसऱ्यांदा कसे विचारतात, हे मला नीटसे माहीत नाही.

ती काही बोललेली नाही. याचा अर्थ काय घ्यायचा, ते मला ठरवता येत नाही.